प्रकरण एकोणीस : रेकॉर्डिंग नसलेली दुपार

स्नूक मासा किनाऱ्याला लागला की रॉइबाई गावात मेलेल्याला खांदा द्यायलाही माणूस मिळत नाही. त्या गुरुवारी तेच झालं. पहाटे बातमी आली आणि आठच्या आत होड्या, बाप्ये, पोस्टमन आणि नगरपालिकेच्या हॉलचा रखवालदार, सगळे समुद्रावर पसार. हॉलची किल्ली रखवालदाराच्या खिशात. कंपनीची वकील मिस बेस्टर केप टाउनहून दोन तास गाडी हाकत आली, बंद दाराकडे पाच मिनिटं पाहत उभी राहिली, आणि शेवटी सालोमी फोर्टाइनच्या पुढच्या खोलीत येऊन बसली. जिच्याविरुद्ध भांडायचं तिच्याच घरी, तिच्याच सोफ्यावर, तिनेच विणलेल्या कव्हरावर.

"कामाचंच आहे," मिस बेस्टर अवघडून म्हणाली. "अर्ध्या तासात उरकू."

"उरकेल की," सालोमी म्हणाली. कोर्डोमांच्या, म्हणजे तिच्या माहेरच्या, घराण्यात अर्ध्या तासात फक्त पाव उरकतो, हे ती मनातच म्हणाली.

प्रकरण तसं एका जुडीएवढंच. जुडी म्हणजे दहा बोय मासे, डोळ्यांतून सुतळी ओवून बांधलेले. हंगामाचं पहिलं जाळं ओढलं की मासळीच्या कारखान्यातल्या पॅकिंगच्या लाइनवरच्या प्रत्येक बाईने एक जुडी खांद्यावर टाकून घरी न्यायची, ही रॉइबाईची रीत सालोमीच्या आईच्याही आधीची. जुना मालक स्वतः फाटकाशी उभा राहायचा आणि एखादी विसरून निघाली तर हाक मारून परत बोलवायचा. मग कारखाना विकला गेला. नव्या कंपनीने फाटकावर पाटी लावली, की आतलं खवलंसुद्धा बाहेर जाता कामा नये. पाटीखालून तीन हंगाम जुड्या जात राहिल्या. चौथ्या हंगामात नवा पहारेकरी आला. त्याने जुडी खांद्यावर टाकून उजळ माथ्याने निघालेल्या सालोमीचा फोटो काढला, आणि चौतीस वर्षं त्या लाइनवर उभ्या राहिलेल्या बाईला कंपनीने चोरीचा ठपका ठेवून घरी बसवलं.

सालोमी युनियनकडे गेली. कामगारांचे तंटे सोडवणाऱ्या लवादबाई आल्या, त्यांनी हॉलमध्ये दोन दिवस सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि निकाल दिला: रीत होती, नव्या कंपनीच्या काळातही चालू होती, आणि खुद्द मुकादमाने ते कबूल केलं. बाईला ताकीद द्या आणि कामावर परत घ्या. कंपनीने तो निकाल उचलून कामगार न्यायालयात नेला, फेरतपासणीसाठी. तिथे कळलं की दुसऱ्या दिवशीच्या दुपारचं रेकॉर्डिंगच नाही. सकाळचं आहे, जेवणाच्या सुट्टीत बश्या वाजल्या तेही आहे, पुढे नुसती शांतता. मुकादमाची कबुली नेमकी त्या शांततेत बुडालेली.

आता हा मुकादम कोण? बारेंड कोर्डोम, सालोमीचा पाठचा भाऊ. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

म्हणून आजची बैठक. दोन्ही बाजूंनी एकत्र बसून त्या दुपारी कोण काय बोललं ते आठवायचं, लिहायचं, सह्या करायच्या, आणि तो कागद न्यायाधीशांपुढे ठेवायचा. ज्या घराण्यात आजोबांच्या लाकडी पायाची गोष्ट प्रत्येक जण वेगळी सांगतो, आणि मुळात आजोबांचे दोन्ही पाय शाबूत होते, त्या घराण्याला सरकारने आठवायला बसवलं होतं.

युनियनचे मिस्टर जूलीस दहा मिनिटं आधी आले होते. पोट मोठं, आवाज त्याहून मोठा, पण माणूस मायाळू. सोमवारी त्यांनी सालोमीला याच खोलीत समजावलं होतं.

"आंटी सालोमी, न्यायाधीश असं विचारणारच नाहीत की लवादबाईंचा निकाल बरोबर होता का. ते एवढंच बघणार, की समोर आलेल्या पुराव्यावर एखादं समंजस माणूस असा निकाल देऊ शकतं का."

"म्हणजे बरोबर असायलाच पाहिजे असं नाही? वेडेपणा नसला म्हणजे झालं?"

"साधारण तसंच."

"मग माझं लग्नसुद्धा पास झालं असतं," सालोमी म्हणाली होती.

जूलीस हसले, मग गंभीर झाले. "पण पुरावा कागदावर पाहिजे. बारेंडची कबुली कागदावर नसेल तर कंपनी म्हणणार, लवादबाईंनी ती हवेतून काढली. मग निकाल रद्द होईल, नाहीतर सगळं पहिल्यापासून. पुन्हा हॉल, पुन्हा साक्षी. आणखी दोन वर्षं धरा."

सालोमी एकसष्ट वर्षांची होती. कारखान्यात त्रेसष्टाव्या वर्षी निवृत्ती. हिशेब करायला जूलीसांची गरज नव्हती. दोन वर्षं लागली तर तिचं नाव कारखान्याच्या दप्तरात कायमचं चोर म्हणूनच राहणार होतं, आणि लाइनच्या टोकाची तिची जागा दुसरीच कुणी तरी अडवणार होती. तिला परत त्या जागी उभं राहायचं होतं, बस्स. चौदा महिने ती सकाळी पाचला उठून, तयार होऊन, खुर्चीत बसत होती.

आणि या सगळ्यात एक गोष्ट अशी होती की ती तिने जूलीसांनाच काय, प्रार्थनेत देवालाही स्पष्ट सांगितली नव्हती.

दहाला पाच कमी असताना अंकल फ्लोर्स आले. चौऱ्याऐंशी वर्षांचे चुलतकाका. सुनावणीचे दोन्ही दिवस ते मागच्या बाकावर बसून होते, साक्षीदार म्हणून नव्हे, तर घरी रेडिओ बिघडला होता म्हणून. त्यांच्या मागून बारेंड आणि त्याची बायको वाल्डा. बारेंडने इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि तो कुणाकडेच बघत नव्हता.

"चहा टाकू तुला?" सालोमीने विचारलं. बाकीच्यांसाठी चुलीवर कॉफी उकळत होती, पण बारेंडला लहानपणापासून कॉफी चालत नाही.

"पिऊन आलोय."

चौदा महिन्यांत तो या घरी चारदा आला होता. दोनदा वाढदिवसाला, एकदा पत्रा उडाला तेव्हा आणि एकदा आईच्या वर्षश्राद्धाच्या प्रार्थनेला. चारही वेळा चहा घरून पिऊन आला होता. रॉइबाईत भांडण तोंडाने कमी आणि कपाने जास्त चालतं, हे सालोमीला माहीत होतं. तिला त्याचा राग येत होता आणि त्याच्या शर्टाची कॉलर उलटी दुमडली होती ती नीट करावीशी वाटत होती, दोन्ही एकदमच.

स्वयंपाकघरात वाल्डा न सांगता कप पुसायला लागली. तिने एक कप पुसला, दुसरा पुसला, आणि आवाज खाली आणून म्हणाली, "सिस सालोमी, त्या किटलीचं मी आजवर कुणाच्या कानावर घातलेलं नाही."

सालोमीच्या हातातला पाव तसाच राहिला. "ठाऊक आहे मला."

"घालणारही नाही. फक्त आज बारेंडला फार कोंडीत पकडू नका. मॅनेजरची जागा रिकामी आहे. हा खटला मिटेपर्यंत त्यांनी ती रिकामीच ठेवलीय. का ठेवलीय ते तुम्हालाही कळतं, मलाही कळतं."

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, आणि ही मूठ वाल्डाच्या हातात होती. त्या दिवशी हॉलमध्ये चालू प्लग एकच होता आणि त्यात रेकॉर्डिंगच्या यंत्राची वायर होती. जेवणाच्या सुट्टीत नुसत्या पाण्यावर बसलेल्या लवादबाई सालोमीला बघवल्या नाहीत. परगावची बाई, आपल्या गावात आलेली, आणि चहा नाही? तिने वायर काढली, किटली लावली, चहा केला, दोन बिस्किटंही ठेवली. वायर परत लावायची तेवढी राहिली. यंत्रावरचा लाल दिवा विझलेला कुणाच्या ध्यानात आला नाही. फक्त कप धुऊन साक्षीआधीच घरी निघालेल्या वाल्डाने किटलीची वायर पाहिली होती, आणि त्याचा अर्थ तिला कळला फार पुढे, जेव्हा सगळा गाव रेकॉर्डिंग कसं गेलं यावर बोलत होता.

सरकारी कागदात मात्र 'वीजपुरवठा खंडित झाल्यामुळे' असं लिहून आलं. या देशात वीज इतक्या वेळा जाते की तिच्या नावावर एखादी दुपार जास्त लिहिली तरी ती तक्रार करत नाही.

"तुझी खारवण कशी उतरली यंदा?" सालोमीने विषय बदलला.

वाल्डाचा चेहरा एकदम उजळला. तो उजळणारच होता. वाल्डाच्या हाताचं मीठ म्हणजे मीठ. चर्चच्या जत्रेत सलग तीन वर्षं सुक्या माशांचं पहिलं बक्षीस तिला, आणि तिन्ही प्रशस्तिपत्रकं तिच्या घरात लग्नाच्या फोटोच्या वर. सालोमीची पहिल्या जाळ्याची जुडी दर वर्षी वाल्डाच्याच पिंपात मुरायची, तिच्याच मांडवात वाळायची, आणि अर्धी या घरी, अर्धी त्या घरी जायची.

"यंदा कुठली जुडी?" वाल्डा म्हणाली. "विकतचे खारवले. पण उतरलेत छान. आणलेत चार."

"बघू," सालोमी म्हणाली. तिने एक सोलला, तुकडा जिभेवर ठेवला, आणि खाता खाता तिला काहीतरी सुचायला लागलं. अजून धड कळलं नव्हतं काय, पण ओठाच्या एका कोपऱ्याला ते कळलं होतं.

पुढच्या खोलीत मिस बेस्टरने लॅपटॉप उघडला. स्वयंपाकघरातला प्लग गेल्या हिवाळ्यात जळला होता, त्यामुळे घरात चालणारा प्लग एकच, पुढच्या खोलीत, कपाटाशेजारी. लॅपटॉपची वायर त्यात गेली. किटली बाजूला गुपचूप उभी राहिली.

"सुनावणीच्या वेळी मी नव्हते," मिस बेस्टर म्हणाली. "कंपनीचे जे अधिकारी होते ते नोकरी सोडून गेले. लवादबाईंची वही मिळालीय, पण दुपारच्या पानावर दोनच ओळी आहेत. वाचते. 'बी. कोर्डोम, उलटतपासणी. रेकॉर्डिंग पाहावे.'"

"शाब्बास," जूलीस म्हणाले. "आणि दुसरी?"

"'मागे बसलेल्या वृद्ध गृहस्थांना टाळ्या वाजवल्याबद्दल बाहेर काढले.'"

अंकल फ्लोर्स ताठ बसले. "तो मी."

"टाळ्या कशासाठी वाजवल्या होत्या?" मिस बेस्टरने पेन सरसावलं.

"ते नाही आठवत. पण उगीच वाजवणार नाही मी. स्वतःच्या लग्नातसुद्धा वाजवल्या नव्हत्या."

"अंकल, सगळे वाजवत होते तुमच्या लग्नात," वाल्डा म्हणाली.

"सगळ्यांचं लग्न नव्हतं ते."

मग आठवायला सुरुवात झाली. बारेंडने दुपारी साक्षीच्या सुरुवातीला पाणी मागितलं, यावर दोन्ही बाजूंचं एकमत झालं. पहिल्या प्रश्नाला तो "हो" म्हणाला, यावरही झालं. पहिला प्रश्न कोणता, यावर अर्धा तास गेला. जूलीस त्या दिवशी खुर्चीवरून पडले, असं अंकल फ्लोर्सनी शपथेवर सांगायची तयारी दाखवली. जूलीस म्हणाले पडलो नाही, वाकलो होतो. मिस बेस्टरने तेही लिहिलं आणि मग खोडलं. दोन वेळा पाव फिरला. होड्यांचे भोंगे लांबून ऐकू येत होते आणि प्रत्येक भोंग्याला बारेंडची मान आपोआप खिडकीकडे वळत होती.

"आता मुद्द्यावर येऊ," जूलीस म्हणाले. आवाज त्यांनी मुद्दाम लहान केला होता. "मी विचारलं होतं, की नवी कंपनी आल्यावरही पहिल्या जाळ्याची जुडी तुमच्या घरी येत होती का? बारेंड, तू काय म्हणालास?"

बारेंडने पँटवरचा नसलेला धागा काढला. "आठवत नाही."

"हो म्हणालास की नाही म्हणालास?"

"आठवत नाही म्हटलं ना, मिस्टर जूलीस. वर्ष उलटून गेलं."

"पाणी मागितल्याचं आठवतं तुला!"

"तहान लागली होती. तहान लक्षात राहते."

मिस बेस्टरने सुस्कारा सोडला, पण तो दुःखाचा नव्हता. "मग मतभेद असं लिहू. युनियनच्या मते साक्षीदाराने कबुली दिली. साक्षीदाराला स्वतःला आठवत नाही."

जूलीसांनी सालोमीकडे पाहिलं. असं लिहिलं तर संपलं, हे त्यांच्या चेहऱ्यावर होतं. सालोमीने भावाकडे पाहिलं. त्याचे कान लाल झाले होते. लहानपणी आईची बरणी फोडून "मांजराने फोडली" म्हणाला होता तेव्हाही असेच लाल झाले होते. तेव्हाही त्याने मांजरावर आळ टिकू दिला होता चार दिवस. पाचव्या दिवशी आई मांजराला पोत्यात घालायला निघाली, आणि हाच रडत धावला होता, मी फोडली, मी फोडली. खरं सांग म्हटलं की बारेंड गप्प बसतो. खोट्यामुळे त्याच्या माणसाचं वाईट व्हायला लागलं की मग मात्र तो राहत नाही.

सालोमीच्या ओठाच्या कोपऱ्याला जे मघाशीच कळलं होतं ते आता तिलाही कळलं.

"मला आठवतंय," ती म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले.

"बारेंड म्हणाला होता, जुडीबिडी आमच्या घरी कुणी खात नाही."

"आंटी!" जूलीसांच्या घशात पाव अडकला.

"बोलू द्या मला. खरं ते खरं. तो म्हणाला, आमच्या घरी वाल्डा खारवते, आणि वाल्डाचं खारवणं असं असतं की कुत्रंसुद्धा तोंड फिरवतं. शेजारच्या कुत्र्याला घालून बघितलं, तेही गेलं निघून. असंच म्हणाला होता. मी समोरच होते ना."

मिस बेस्टरचं पेन भराभर धावू लागलं. फुकट हाती लागलेलं घबाड कोण सोडतो? "म्हणजे जुडी खाल्ल्याचा इन्कार. छान. मिस्टर कोर्डोम, असं म्हणाला होतात तुम्ही?"

बारेंडपुढे वाट अगदी सरळ होती. 'हो' म्हणायचं, सही करायची, मॅनेजरच्या खुर्चीत जाऊन बसायचं. त्याने तोंड उघडलं.

"म्हणजे... तसंच काहीसं..."

कॉफीचं भांडं घेऊन वाल्डा दारात उभी होती.

"काय काहीसं?" तिने विचारलं.

"अगं, कागदापुरतं..."

"कागदापुरतं? हा कागद केप टाउनला न्यायाधीशापुढे जाणार ना, मिस?"

"हो, आणि निकाल छापूनही येतो," मिस बेस्टर म्हणाली. ती मदत करत होती असं तिला वाटत होतं.

"छापून!" वाल्डाने भांडं टेबलावर आदळलं. "माझं मीठ कुत्र्याने टाकलं, असं छापून येणार! तीन बक्षिसं आहेत माझ्या भिंतीवर. आणि गुड फ्रायडेला शेपटीच्या तुकड्यावरून स्वतःच्या मुलांशी भांडतं कोण? मागच्या खेपेला जुडी संपली तेव्हा, 'सिसकडे उरलेत का बघून ये', म्हणून मला पावसात पाठवलं कुणी?"

"वाल्डा, बस," बारेंड म्हणाला.

"बसत नाही! सांग ना, म्हणाला होतास असं? माझ्या पाठीमागे, हॉलमध्ये, गावासमोर?"

इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधे इस्त्रीचा शर्ट. सालोमीला वाईट वाटलं. खरंच वाटलं. तरी तिने आपल्याच बशीतला पावाचा चुरा बोटाने गोळा केला.

"नव्हतो म्हणालो!" बारेंड उठून उभा राहिला. आवाज चढला होता, कान लालबुंद. "कुत्र्याचं नावसुद्धा नव्हतं त्यात! मी म्हणालो, येते जुडी. दर वर्षी येते, नवी कंपनी आल्यावरही तीन हंगाम आली, आणि मुकादम असून मी एका शब्दाने अडवलं नाही, कारण मीच बसून ती शेवटच्या काट्यापर्यंत खाल्ली. आणि म्हणालो, की या किनाऱ्यावर वाल्डासारखं मीठ लावणारी बाई दुसरी नाही, ज्याला पटत नसेल त्याने येऊन चाखावं. हे म्हणालो मी. हे शब्द!"

आणि टाळ्या वाजल्या.

अंकल फ्लोर्स खुर्चीत पुढे सरकून दोन्ही तळवे एकमेकांवर बडवत होते. "हेच! हेच ते! याच्याचसाठी वाजवल्या होत्या मी! 'चाखावं' म्हणाला आणि मी वाजवल्या, आणि बाई म्हणाल्या बाहेर!"

मिस बेस्टरने हळूच वही पुढे ओढली आणि लवादबाईंची ती दुसरी ओळ पुन्हा वाचली. मग तिने चष्मा काढला. तरुण होती, पण तिच्या कंपनीपेक्षा सरळ होती, एवढं तिच्या खात्यावर लिहायला हवं.

"मिस्टर कोर्डोम," ती म्हणाली, "मी कंपनीची वकील आहे. हे लिहिलं तर कंपनीला आवडणार नाही, तुमच्याबद्दलही आवडणार नाही. पण तुम्ही असं म्हणाला होतात, असं आता सांगताय. लिहू?"

बारेंडने वाल्डाकडे पाहिलं. वाल्डाचे डोळे भरले होते आणि हनुवटी वर होती. मॅनेजरची खुर्ची त्या घरात सगळ्यात जास्त तिनेच मनात सजवली होती. पडद्यांचं कापडसुद्धा बघून ठेवलं होतं, हे सालोमीला ठाऊक होतं.

"लिहा," वाल्डाच म्हणाली. "मिठाचंही लिहा."

"लिहा," बारेंड म्हणाला.

तो कागद पुढे नोंदीचं दोनशे बारावं पान झाला. हिवाळ्यात न्यायाधीशांनी निकाल दिला, त्यात ते पान मिठासकट छापून आलं, आणि खाली त्यांनी लिहिलं की आम्ही स्वतः कदाचित वेगळा निर्णय दिला असता, पण या पुराव्यावर एखाद्या समंजस माणसाला लवादबाईंसारखा निर्णय देता येतो, सबब कंपनीचा अर्ज नामंजूर. वाल्डाने त्या पानाची चौथी चौकट करून घेतली. पण ते पुढचं. त्या गुरुवारी कुणालाच काही माहीत नव्हतं. बारेंडने सही केली, एवढंच सालोमीला दिसलं.

मिस बेस्टर हाताने लिहिलेलं लॅपटॉपवर उतरवायला बसली. जूलीस तिला अक्षर लावून देत होते. अंकल फ्लोर्सना झोप लागली होती. बारेंड मागच्या अंगणात जाऊन उलट्या टोपलीवर बसला. थोड्या वेळाने सालोमी वाल्डाचे सुके बोय घेऊन बाहेर आली आणि दुसऱ्या टोपलीवर बसली. वाल्डा दाराच्या उंबऱ्यावर.

"मला माहीत होतं तू कुत्र्यावर थांबणार नाहीस," सालोमी म्हणाली.

"मी थांबलो होतो. ही नाही थांबली."

"ते जास्त माहीत होतं."

बारेंडने मासा घेतला, साल ओढली. "गेली खुर्ची."

"गेली," सालोमी म्हणाली. "मला वाईट वाटतंय बारेंड. करणार मात्र परत हेच."

"ते मला माहीत होतं." तो चघळत राहिला. "वीज गेली नसती ना त्या दिवशी, तर यातलं काहीच झालं नसतं. माझं बोलणं यंत्रात राहिलं असतं, मी गप्प बसलो काय, बोललो काय, सारखंच. वर्षभर मला झोप नाही, सिस. त्या मेल्या विजेपायी."

उंबऱ्यावर वाल्डाने घसा खाकरला. सालोमीने तिच्याकडे पाहिलं. वाल्डाने खांदे उडवले, म्हणजे मी नाही सांगणार, पण आता सांगायला हरकतही नाही.

"वीज गेली नव्हती," सालोमी म्हणाली.

"काय?"

"किटली लावली होती मी. लवादबाईंना चहा नव्हता. यंत्राची वायर काढली आणि..." तिने हाताने प्लग काढल्याची खूण केली. "परत लावायची राहिली."

बारेंडचं चघळणं थांबलं. त्याने बायकोकडे पाहिलं.

"मी कप धूत होते," वाल्डा म्हणाली.

"तुम्हा दोघींना माहीत होतं?"

दोघींनी माना डोलावल्या. मग बारेंडच्या खांद्यांना काहीतरी व्हायला लागलं. आधी सालोमीला वाटलं रडतोय. मग आवाज फुटला. तो हसत होता. हसता हसता त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, मासा वाळूत पडला, आणि आत अंकल फ्लोर्स दचकून जागे होऊन "काय झालं, काय झालं" विचारायला लागले.

"आणि मी..." त्याला बोलता येईना. "मी त्या वीज कंपनीला शिव्या देत... एकदा तक्रारीचं पत्रसुद्धा टाकलं..."

"आवडला होता त्यांना चहा," सालोमी अपराध्यासारखी म्हणाली. "दोन कप घेतले."

बारेंडने मनगटाने डोळे पुसले. मग हात लांब करून तिच्या बशीतला अर्धा मासा उचलला, न विचारता, लहानपणी उचलायचा तसा.

"मलाही टाक एक कप," तो म्हणाला.

सालोमी गुडघ्यांवर हात टेकून उठली आणि इतक्या घाईने घरात शिरली, की वाल्डाला उंबऱ्यावर पाय आखडून घ्यावे लागले. आत मिस बेस्टर शेवटचं पान टाइप करत होती. सालोमीने किटली भरली, कपाटापाशी नेली, आणि प्लगकडे हात घातला.

"सिस!" अंगणातून बारेंडची हाक आली. "आधी तिथे काय लावलंय ते बघ!"